चोवीस हजार अधिक एक टक्का, की सोळा हजार अधिक तीन टक्के?

गोव्यातल्या पेडण्याहून रोज म्हापशाला कामाला येणाऱ्या एका तरुणाने विचारलंय. तो घरगुती उपकरणांच्या दुकानात सेल्समन आहे. सध्या महिन्याला २४,००० पक्के आणि बिलाच्या रकमेवर १ टक्का कमिशन मिळतं. पर्वरीचं एक नवं शोरूम त्याला १६,००० पक्के आणि ३ टक्के द्यायला तयार आहे. त्याची विक्री सरासरी साडेचार लाखांची. मंदीच्या महिन्यांत ती दोन लाखांवर अडकते, सीझनला साडेसात लाखांपर्यंत जाते. शेवटी तो लिहितो, "शाळेत लिनियर इक्वेशन शिकलो होतो, ते इथे चालतं म्हणतात. पण मांडायचं कसं? आणि जाऊ की नको?"

बाब, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समीकरण मांडायला दहा मिनिटं पुरतात. जावं की नको याचं उत्तर मात्र तुम्ही दिलेल्या आकड्यांत नाही. ते 'तीन टक्के कशावर?' या प्रश्नात आहे. तो तुम्ही तिथे विचारलेला दिसत नाही आणि शोरूमवाल्यांनी आपण होऊन सांगितलेलाही दिसत नाही. मी बावीस वर्षं म्हापसा ते फोंडा पट्ट्यातल्या दुकानांचे हिशेब आणि पगारपत्रकं करतोय, त्याआधी काही वर्षं दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेत होतो. कमिशनवरून झालेली जेवढी भांडणं माझ्या टेबलापर्यंत आली, त्यांतलं एकही गुणाकार चुकल्यामुळे झालेलं नव्हतं. विक्री कशाला म्हणायचं यावरूनच सगळी झाली.

आधी मांडणी उरकू. आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठीतून आणि पुढे गणित इंग्रजीतून, त्यामुळे 'वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी' पाठ असतं, पण ते कशाबद्दल आहे असं विचारलं की मुलं छताकडे बघतात. मी त्यांना जुनी अक्षरं द्यायचो. क्ष म्हणजे महिन्याची विक्री, य म्हणजे महिन्याची कमाई. मग तुमच्या दोन नोकऱ्या अशा दिसतात:

म्हापसा: य = २४,००० + ०.०१ × क्ष
पर्वरी: य = १६,००० + ०.०३ × क्ष

पहिली संख्या म्हणजे महिनाभर एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी मिळणारे पैसे. आलेखावर रेषा तिथून निघते. दुसरी संख्या म्हणजे रेषेचा चढ. चढ टक्क्यांत मोजण्यापेक्षा 'लाखामागे किती' असं म्हणा, डोक्यात लगेच बसतं. म्हापशात प्रत्येक जादा लाखामागे १,००० मिळतात, पर्वरीत ३,०००. म्हणजे पर्वरीवाली रेषा ८,००० मागून सुरू होते आणि दर लाखाला २,००० भरून काढते. चार लाखांवर ती म्हापशाला गाठते. समीकरण सोडवून हेच येतं: २४,००० + ०.०१क्ष = १६,००० + ०.०३क्ष, म्हणून ८,००० = ०.०२क्ष, म्हणून क्ष = ४,००,०००. त्या ठिकाणी दोन्हीकडे २८,००० मिळतात. चार लाखांच्या खाली म्हापसा बरं, वर पर्वरी बरी.

तुमची सरासरी साडेचार लाख. म्हापशात २८,५००, पर्वरीत २९,५००. महिन्याला हजार रुपये जास्त. बहुतेक लोक इथे कागद घडी करून खिशात टाकतात आणि राजीनामा लिहायला बसतात. तुम्ही बसू नका. हा हजार किती नाजूक आहे ते आता बघू.

क्ष म्हणजे विक्री, असं मी वर सहज लिहून गेलो. पण कुठली विक्री? पावती फाडली तेव्हाची, माल घरी पोचला तेव्हाची, की पैसे जमा झाले तेव्हाची? परत आलेला माल वजा करून की न करता? गिऱ्हाइकाला दिलेली सूट आधी काढून की नंतर?

काही वर्षांपूर्वी एका फर्निचरच्या दुकानातला मुलगा तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या घेऊन माझ्याकडे आला होता. मालक फसवतोय, असं त्याचं म्हणणं. अडीच लाखांच्या विक्रीला २८,००० मिळाले होते, चार लाखांच्या विक्रीला ३४,०००. दोन बिंदू मिळाले की रेषा मिळते. दीड लाख विक्री वाढल्यावर ६,००० वाढले, म्हणजे चढ ४ टक्के. अडीच लाखांवरचे १०,००० काढले तर पक्के १८,००० राहतात. ठरलं होतं तेही तेच, १८,००० अधिक ४ टक्के. आता तिसरा महिना. त्याच्या वहीत विक्री सहा लाख, म्हणजे ४२,००० यायला हवेत. पावतीवर होते ३६,०००. सहा हजार कुठे गेले? उलट हिशेब केला. ३६,००० मधून १८,००० गेले, राहिले १८,०००, आणि ते साडेचार लाखांचं कमिशन होतं. म्हणजे दीड लाखांची विक्री मालक धरत नव्हता. मी मुलाला विचारलं, त्या महिन्यात दीड लाखांची एखादी मोठी ऑर्डर होती का? होती. एक मॉड्युलर किचन, बुकिंग झालेलं, बसवायचं बाकी. मालकाच्या लेखी माल बसल्याशिवाय विक्री नाही, मुलाच्या लेखी आगाऊ रक्कम घेतली की विक्री झाली. कोणीच फसवत नव्हतं. दोघं एकच समीकरण वापरत होते, क्ष तेवढा वेगवेगळा होता.

म्हणून माझा एक नेम आहे. दोन बिंदूंतून रेषा कशीही जाते. ती खरी की नाही हे तिसरा बिंदू सांगतो. पर्वरीच्या शोरूममध्ये ओळखीचं कोणी कामाला असेल तर त्याला पगार विचारू नका, तीन महिन्यांचे विक्री आणि पगार असे जोड विचारा. तिन्ही एका रेषेत बसले तर ठीक. नाही बसले तर मधे कुठलीतरी न सांगितलेली अट आहे, आणि रेषा कुठे मोडते त्यावरून ती कसली ते कळतं.

आता तुमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा क्ष: जीएसटी. तुम्ही लिहिलंय की सध्या बिलाच्या रकमेवर कमिशन मिळतं, म्हणजे करासकट. हा प्रकार आता कमी होत चाललाय. मी ज्यांची पगारपत्रकं करतो त्यांतले बरेच जण कर काढून उरलेल्या रकमेवरच टक्का देतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. कराचे पैसे दुकानाचे नसतातच, सरकारकडे भरायचे असतात. पर्वरीवाले तसं करत असतील तर तुमचे साडेचार लाख तिथे साडेचार लाख राहत नाहीत. १८ टक्के कर धरला तर ४,५०,००० ला १.१८ ने भागायचं, म्हणजे सुमारे ३,८१,३५६. त्याचे तीन टक्के ११,४४१. एकूण २७,४४१. हजार रुपयांचा फायदा गेला आणि वर हजाराचा तोटा आला. आलेखावर बोलायचं तर बिलाच्या हिशेबाने रेषेचा चढ ३ टक्क्यांवरून २.५४ वर आला आणि बरोबरीचा आकडा चार लाखांवरून सुमारे ५,१८,७०० वर सरकला. ऑफरमध्ये एक अक्षर बदललेलं नाही.

कराचा हा मुद्दा तुम्ही स्वतःही अनुभवला असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. फ्रिज आणि वॉशिंग मशीन आधीपासून १८ मध्येच होते. ४०,००० मूळ किमतीच्या एसीचं बिल ५१,२०० व्हायचं, ते ४७,२०० झालं. बिलावर एक टक्का घेणाऱ्याचे ५१२ चे ४७२ झाले. एसी तोच, तिसऱ्या मजल्यावर चढवायचा त्रास तोच, कमिशन मात्र उतरलं. त्या महिन्यात दोन दुकानांतल्या मुलांनी मला फोन करून हा घोळ विचारला होता. कर काढून कमिशन घेणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही. तेव्हा बिलावरचं कमिशन नेहमीच फायद्याचं असंही समजू नका, ते कराबरोबर वरखाली होतं.

इथपर्यंतचं एकदा धरून ठेवा: तुमच्या आकड्यांवर बरोबरी चार लाखांना, पण पर्वरीत कर काढून टक्का असेल तर ती पाच लाखांच्या पुढे जाते, आणि तुमची सरासरी त्या दोहोंच्या मधे पडते. म्हणजे निकाल या एका प्रश्नावर आहे.

पेट्रोलही मोजायला हवं. तुम्ही म्हापशापर्यंत येताच, पर्वरी तिथून पुढे साधारण आठ किलोमीटर. जाऊन-येऊन सोळा, २६ दिवसांचे ४१६ किलोमीटर. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल तर नऊ-सव्वानऊ लिटर. लिटरला शंभरच्या आसपास धरा, ९०० रुपये झाले. हा खर्च विक्रीवर अवलंबून नाही, एसी विकला काय नि इस्त्री विकली काय, म्हणून तो पक्क्या रकमेतून वजा होतो. रेषेचा चढ तोच राहतो, रेषा आख्खी ९०० ने खाली येते. १६,००० चे झाले १५,१००. बरोबरी चार लाखांवरून ४,४५,००० वर. कर काढून टक्का असेल तर ५,७७,००० वर. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू झाल्यापासून गाडीतच जो वेळ जातो त्याची किंमत मी धरलेली नाही. ती तुमची तुम्ही धरा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. शिकवणीत मुलांना तो कधीच शिकवला नाही, कारण पुस्तकात नव्हता. मलाच पगारपत्रकं करताना उशिरा उमगला.

तुम्ही सरासरी दिलीत. सरासरीवर हिशेब करणं बरोबर आहे का? तुमचे महिने मी अंदाजाने असे मांडतो. जून, जुलै, जानेवारी, फेब्रुवारी मंद, प्रत्येकी दोन लाख. चार महिने मध्यम, चार लाख. चार महिने तेजीचे, साडेसात लाख: उन्हाळ्यातले दोन, गणेश चवथीचा एक, दसरा-दिवाळीचा एक. बेरीज ५४ लाख, सरासरी साडेचार. तुमच्या आकड्यांशी जुळतं. आता बिलावरचा टक्का धरून पर्वरीत मंद महिन्याला २२,००० मिळतात, मध्यम महिन्याला २८,०००, तेजीच्या महिन्याला ३८,५००. वर्षाची बेरीज ३,५४,०००, बाराने भागा, २९,५००. आपण सरासरी विक्रीवरून काढलं होतं तेच. रेषा सरळ आहे तोवर हे असंच जुळतं. पावसात किती पडलं आणि दिवाळीत किती चढलं याने वर्षाच्या बेरजेत एक रुपयाचाही फरक पडत नाही.

पण रेषा वाकली की ही सोय संपते. आणि दुकानदार फार काळ रेषा सरळ ठेवत नाहीत.

समजा पर्वरीवाले नंतर म्हणाले, कमिशनला कमाल मर्यादा १५,००० आहे. ऐकायला काही वाईट नाही. सरासरी साडेचार लाखांवर तुमचं कमिशन १३,५०० होतं, ते मर्यादेच्या आतच. तुम्ही मान डोलवाल. आता महिन्यांनी बघा. मंद महिन्याला ६,०००, मध्यमला १२,०००, तेजीला २२,५०० ऐवजी १५,०००. सरासरी ११,०००. म्हणजे कमाई २९,५०० नव्हे, २७,०००. महिन्याला अडीच हजार, वर्षाला ३०,००० गेले. ज्या मर्यादेला सरासरी कधी शिवतच नाही, तिने एवढे पैसे नेले. मंदीत कमी मिळालेलं तेजीत भरून काढायचं असतं, आणि ती तेजीच कापून टाकली.

उलटा प्रकारही असतो. १६,००० पक्के, पहिल्या तीन लाखांवर काहीच नाही, पुढच्या विक्रीवर ५ टक्के. सरासरी साडेचार लाख घातले तर कमिशन दीड लाखाचे ७,५००, एकूण २३,५००. महिन्यांनी घातले तर मंदीत शून्य, मध्यमला ५,०००, तेजीत २२,५००. सरासरी ९,१६७, एकूण २५,१६७. इथे चढउतार तुमच्या बाजूने काम करतो. म्हणजे टार्गेटवाली योजना सरासरीवर दिसते त्यापेक्षा बरी निघते, मर्यादेवाली दिसते त्यापेक्षा वाईट. मोडलेल्या रेषेत सरासरी कधीही घालू नका. बारा महिने बारा वेळा घाला आणि मग बेरीज करा. मोबाईलवर होतं, अर्धा तास लागेल.

टार्गेटवाल्या योजनेत अजून एक पोटप्रश्न. 'पाच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ३ टक्के' म्हणजे पाच लाखांच्या पुढच्या रकमेवर ३ टक्के, की पाच लाख ओलांडले की सगळ्या विक्रीवर ३ टक्के? पहिल्या अर्थाने रेषेचा चढ फक्त बदलतो. दुसऱ्या अर्थाने रेषा तुटते आणि वर उडी मारते. ४,९९,००० ला ९,९८० कमिशन, ५,०१,००० ला १५,०३०. दोन हजारांच्या मिक्सरने पाच हजार मिळवून दिले. असा नियम असलेल्या दुकानात महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत काय चालतं ते मी बिलांच्या तारखांवरून बघितलंय. टार्गेट जवळ असेल तर मुलं भावकीतल्या कोणाच्या तरी नावाने इस्त्रीची पावती फाडतात. लांब असेल तर आलेल्या गिऱ्हाइकाला "परवा या, नवा लॉट येतोय" म्हणून पुढच्या महिन्यात ढकलतात. मालक मला विचारतो, तीस तारखेला विक्री का पडते? मी म्हणतो, तुमच्याच समीकरणाला विचारा.

आणि 'अधिक' शब्द नीट वाचा. '१८,००० किंवा ५ टक्के, जे जास्त असेल ते' ही वेगळीच वस्तू आहे. तिथे ३,६०,००० पर्यंत रेषा आडवी पडून असते. पक्का पगार आणि कमिशन दोन्ही मिळतील समजून एक जण तसा रुजू झाला होता, पहिल्या पगाराला कळलं.

आता पैशाच्या बेरजेपलीकडचं थोडं. सरळ रेषा धरली तरी मंदीच्या चार महिन्यांत पर्वरीत तुम्हाला म्हापशापेक्षा ४,००० कमी पडणार, दर महिन्याला. त्यातला जून म्हणजे मुलांची वह्या-पुस्तकं, गणवेश, छत्र्या, घराची शाकारणी. तेजीच्या चार महिन्यांत ७,००० जास्त मिळतात ते खरं, पण ते खर्च न करता बाजूला पडतात का, हे गणित सांगू शकत नाही. घरात दुसरा पगार असेल, डोक्यावर हप्ता नसेल, तर चढ असलेली रेषा घ्या. गाडीचा किंवा घराचा हप्ता चालू असेल तर पक्क्या रकमेला मी जास्त वजन देतो. वर्षाच्या शेवटी बेरीज सारखी आली तरी जुलैचा हप्ता जुलैतच भरावा लागतो.

पीएफचा फरक फारसा नाही. कायद्याने १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८०० कापायचे असतात. दोन्हीकडे मूळ पगार त्यापेक्षा जास्त दाखवला असेल आणि दोन्ही मालक मर्यादेवरच कापत असतील तर सारखंच. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, फरक मात्र बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानात पाच वर्षं सलग झाली की दर वर्षामागे शेवटच्या पगाराचे १५ भागिले २६ मिळतात. २४,००० वर ते १३,८४६ होतात, १६,००० वर ९,२३१. कमिशन त्या पगारात मोडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत अशा बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून वाढल्या तर वरचा भाग वेतनात धरतात, पण तुमच्या आकड्यांत तशी वेळ फक्त तेजीच्या महिन्यांत येईल. आणि आताच्या दुकानात तुम्हाला चार वर्षं वगैरे झाली असतील तर पाच पुरी होईपर्यंत थांबण्याची किंमत काढा. ते घड्याळ नव्या जागी पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

एक गोष्ट मी सगळीकडे गृहीत धरली आणि ती खोटी असू शकते: तुमची विक्री दोन्हीकडे तेवढीच होईल. म्हापशाच्या दुकानात शुक्रवारच्या बाजाराला आलेला बार्देश-पेडण्याचा माणूस सहज आत डोकावतो. त्यातले निम्मे तुम्हाला नावाने ओळखत असतील. तो क्ष तुमच्या स्कूटरच्या मागे बसून पर्वरीला येणार नाही. उलट पर्वरीत नव्या सोसायट्या झाल्यात, एकेका फ्लॅटला तीन-तीन एसी लागतात, तेव्हा क्ष वाढूही शकतो. इथे मी अंदाज देणार नाही. फक्त तुमचा किती क्ष माणसांमुळे आहे आणि किती जागेमुळे, हे तुम्हालाच ठाऊक. मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करताना चवथ सांभाळा. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ऑगस्टची ऑगस्टशी तुलना केलीत तर विक्री कोसळली असं वाटेल.

मग विचारायचं काय? शोरूमवाल्यांना मी हे विचारलं असतं. टक्का करासकट की कर काढून. विक्री बिलावर की पैसे आल्यावर, आणि ईएमआयवर माल गेला तर फायनान्स कंपनीचे पैसे येईपर्यंत थांबायचं का. माल परत आला तर आधीच्या महिन्याचं कमिशन कापतात का. वर मर्यादा आहे का. कमिशन त्याच महिन्याच्या पगारात की पुढच्या. हे सगळं ऑफर लेटरवर लिहून मागा. तोंडी 'करतो ना बाब, काळजी कशाला' याचा आलेख काढता येत नाही. आणि म्हापसा सोडताना बुक झालेल्या पण डिलिव्हरी न झालेल्या मालाचं कमिशन मिळणार का, हे राजीनाम्याच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

घासाघीस करायची असेल तर टक्क्यावर करू नका, पक्क्यावर करा. मालकाला चौथा टक्का देणं सोपं वाटतं, कारण तो विक्री झाली तरच द्यायचा असतो. मंदीचा धोका तुमच्या गळ्यातच राहतो. पक्क्यात मात्र प्रत्येक हजार वाढला की बिलावरच्या टक्क्यात बरोबरीचा आकडा ५०,००० ने खाली येतो. पर्वरीवाले कर काढून ३ टक्के देणार असतील तर १८,००० पक्के मागा. पेट्रोल वजा जाता सरासरीला २८,५४१ पडतात, म्हणजे आत्ताच्या २८,५०० च्या बरोबरीला कसेबसे पोचता. तेवढ्यासाठी रोज आठ किलोमीटर पुढे जायचं का, ते तुम्ही ठरवा. मी १८,००० च्या खाली गेलो नसतो, आणि जूनमध्ये तर कधीच रुजू झालो नसतो, ऑगस्टपर्यंत थांबलो असतो.

लेटर हातात आलं की नाव-पत्ता झाकून आकडे इथे टाका. बारा महिन्यांचा तक्ता मी करून देतो.